चन्नप्पाची हलकी गाडी

आमची मारुती आठशे मी चन्नप्पाला दिली ती १९ जून २०२२ रोजी, रविवारी. हे गेल्यापासून सहा वर्षं ती जुळे सोलापुरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापड पांघरून उभी होती, आणि सेक्रेटरी दर महिन्याला मला तिची आठवण करून देत. ह्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. तो ऐनवेळी सापडला नाही. आठ दिवसांनी माझ्याच डायरीच्या कव्हरमध्ये सापडला. ह्यांचं राहिलं ते निदान गाडीने करावं, एवढाच माझा विचार होता.

चन्नप्पा ह्यांच्याच गिरणीत उमेदवारीला लागला होता. गिरणी बंद पडल्यावर तो भवानी पेठेत जॉबर झाला, म्हणजे यंत्रमाग बिघडला की ज्याला बोलावतात तो माणूस. आल्या आल्या तो मागाकडे पाठ करून उभा राहतो आणि नुसता ऐकतो. दुखणं कळल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. जागच्या जागी धावणारी यंत्रं सांभाळण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. एकसष्टाव्या वर्षी त्याला वाटलं, आता कुठेतरी जाणारं यंत्र करावं.

त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. परदेशात हौशी लोक जुन्या गाडीचं इंजिन, गिअर आणि चाकं काढून घेतात, लोखंडी नळ्यांच्या हलक्या चौकटीवर बसवतात, वर पातळ पत्रा ठोकतात आणि दोन माणसांपुरती शर्यतीची गाडी करतात. गाडी जितकी हलकी तितकी ती पळते. हे वाक्य चन्नप्पाला फार पटलं. तो बिजागऱ्यांनाही भोकं पाडू लागला. काढलेला प्रत्येक भाग तो भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणायचा आणि मागाच्या शेडमधल्या भिंतीवर खडूने वजन लिहायचा.

तिथेच तो चुकला. गाडीत बसणाऱ्यांचं वजनही धरायला हवं म्हणून त्याने चौकट आणि पत्रा यांच्या खाली लिहिलं, ‘चन्नप्पा ५८’ आणि त्याच्याखाली ‘अक्कम्मा ७४’. अक्कम्मा त्याची बायको. तिला विचारायची त्याची हिंमत नव्हती. आकडा त्याने तिच्या साखरेच्या तपासणीच्या कागदावरून घेतला होता. शेडमध्ये दोन पाळ्यांत बावीस माणसं काम करतात आणि सगळ्यांना वाचता येतं. कांड्या भरणारा बिरप्पा म्हणाला, “काका, इंजिन काडा आनि काकूलाच फुडं बसवा की.” दुपारपर्यंत हे वाक्य पेठेतल्या पिठाच्या गिरणीत पोचलं होतं, आणि अक्कम्मा तिथे दळण घेऊन उभी होती.

त्या दिवशी तिने जाहीर केलं की ती त्या गाडीत बसणार नाही. मला तिने कारण वेगळं सांगितलं. नवी गाडी पहिल्यांदा सिद्धेश्वराला नेतात, त्याशिवाय घरची बाई तीत बसत नाही. आणि ही गाडी तर रस्त्यावर येणारच नाही. दुसरा मुद्दा खरा होता. चन्नप्पा आरटीओत चौकशी करून आला होता. तिथल्या साहेबांनी त्याला पाणी देऊन समजावलं की कागदावर असलेली गाडी त्याने कापली आहे, आणि त्याने केलेली गाडी कागदावर येऊ शकत नाही.

तरी अडीच वर्षं तो ठोकत राहिला. रस्ता नाही तर शेत. मंद्रूपला त्याचा धाकटा भाऊ गुरप्पा शेती करतो. ९ फेब्रुवारी २०२५ ला, बहुधा जिल्ह्यातली सगळ्यात हलकी मोटार, उसाच्या ट्रॉलीत घालून ट्रॅक्टरने मंद्रूपला नेण्यात आली. मी आणि अक्कम्मा मागून रिक्षाने गेलो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही तिने घेतलं होतं. गाडीत बसणार नाही म्हणाली होती. जेवायला घालणार नाही असं म्हणाली नव्हती.

ज्वारी काढलेल्या रानात गुरप्पाने कडेने वाट सपाट करून ठेवली होती. चन्नप्पा बसला, पट्टा बांधला, इंजिन सुरू केलं. गाडी हातभर सरकली आणि थांबली. तीनदा असंच झालं.

कारण त्यालाच ठाऊक होतं. मागावर ताणलेल्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकते. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग आपोआप थांबतो. चन्नप्पाच्या मते चांगल्या यंत्राची हीच खूण. म्हणून त्याने गाडीतल्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांना तशीच सोय केली होती. पट्टा सैल असला की चाकं फिरताच इंजिन बंद. दुसऱ्या सीटवर कुणीच नव्हतं, तेव्हा तो पट्टा सैलच होता. गाडी एकट्याने चालवायची वेळ येईल हे त्याने धरलंच नव्हतं.

मी म्हटलं, एवढी एक तार काढून टाक. तो म्हणाला, “बाई, जॉबरच तार काडायला लागला तर मागानं कुनाचं ऐकायचं?” गुरप्पा बसायला निघाला तर त्यालाही अडवलं. ती जागा तिची हाय, एवढंच म्हणाला. अक्कम्मा लिंबाखाली पाठ करून डबे लावत होती. नवऱ्याचीच सवय, ऐकू सगळं येत होतं.

शेवटी गुरप्पाने ज्वारीचं पोतं उचलून आणलं आणि सीटवर ठेवलं. माणूस नाही म्हटल्यावर चन्नप्पाने अडवलं नाही. पोत्याला पट्टा बांधला आणि गाडी सुटली. धुरळ्यातून एक फेरी मारून आली तेव्हा पोतं ऐटीत बसलेलं होतं.

अक्कम्मा उठून आली. “माज्या जागंवर पोतं बसवलं व्हय?”

गुरप्पाने भीत भीत सिद्धेश्वराची आठवण काढली. तिने पदराखालून गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. “देव हितं हाय की. त्येच्यासाठी कुटं जायाचं?”

देव अडीच वर्षं तिथेच होता, हे माझ्या मनात आलं.

पोतं उतरलं, ती बसली. गाडी गेली, आणि रानाच्या पार टोकाला पोचून थांबली. गुरप्पा पळत निघाला, मी त्याला धरलं. लांबून दोन डोकी दिसत होती, एक हलत होतं, एक हलत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं. मग इंजिन पुन्हा सुरू झालं.

जेवताना तिने मला हळूच सांगितलं. पट्टा तिनेच हाताने सैल केला होता. “म्हटलं, भितीवरचं पुसतो म्हना, मग तानते.” भिंतीवरचं काय, हे त्याला आठवत नव्हतं. अकरा मिनिटांतली नऊ त्याच्या लक्षात आणून देण्यात गेली.

गाडी आता मंद्रूपलाच असते. दर अमावास्येला शेड बंद असते तेव्हा दोघं जातात आणि रानाला चार फेऱ्या मारतात. गाडी कुठे थांबायची ते अक्कम्मा ठरवते. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, थांबवायची सोय तिच्या हाती आत्ता आली. चन्नप्पाने तार काढलेली नाही.

मागच्या आठवड्यात टॉवेल घ्यायला भवानी पेठेत गेले तेव्हा मी भिंत पाहून आले. इंजिन, चौकट, पत्रा, सगळे आकडे जागच्या जागी आहेत. चौऱ्याहत्तर पुसलेत, आणि तिथे त्याने लिहिलंय, ‘अक्कम्मा – बसली’. त्यामुळे खालची बेरीज जमत नाही. ती त्याने तशीच ठेवली आहे.