एकशे सत्तावीस नंबर

क्षयाच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत थुंकीच्या काचा तपासण्यात बाईंची बावीस वर्षं गेली. सगळे त्यांना काचबाईच म्हणत. "बाईंना माणसं ओळखू येणार नाहीत, पण थुंकी बरोबर ओळखतील," असं शिपाई म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पेशंट पुढच्या दाराशी डबी देऊन जायचे. बाईंपर्यंत पोचायचा तो नुसता नंबर आणि वय.

एकशे सत्तावीस. स्त्री. चौतीस वर्षं.

बाईंनी काच लाल रंगात शेकली, धुतली, निळ्यात बुडवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. निळ्यावर जंतूंच्या लाल काड्यांचा नुसता सडा! रिपोर्ट लिहिता लिहिता हात थबकला. चौतीस. आई याच आजारात गेली तेव्हा एवढ्याच वयाची होती.

तेव्हा बाई सहा वर्षांच्या. आईचं अंथरूण शेवटच्या खोलीत. "दारातूनच बघायचं हं, आत पाऊल टाकायचं नाही," काकू दटावायची. जवळ जावं म्हटलं तर आईच हाताने लांब सारायची. चार महिने असे दारात उभं राहण्यात गेले. आईच्या अंगाचा वास कसा होता, हे पुढे कितीही डोकं खाजवलं तरी बाईंना आठवेना.

दोन महिन्यांनी तोच नंबर पुन्हा आला. बाईंनी काच इंच इंच पाहिली. एकही काडी नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. नाहीच. तेव्हा रिपोर्ट शिपायाकडे न देता त्या स्वतःच घेऊन निघाल्या.

"बाई, तुम्ही? बाहेर?" शिपाई उडालाच.

बाकावर एकशे सत्तावीस नंबरची चिठ्ठी धरून एक हडकुळी बाई बसली होती आणि दोन हात अंतर राखून तिची लेक.

"आता जंतू दिसत नाहीत," काचबाई म्हणाल्या.

"मग हिला कुशीत घेऊन झोपले तर चालेल?"

काचबाईंनी रिपोर्ट शेजारच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांपुढे धरला.

"झोपा की खुशाल!" डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मात्र सहा महिने पुऱ्या करायच्या. आणि मुलीलाही तपासून घ्या."

मुलगी आधी बिचकली. मग सरकत सरकत आली आणि तिने आईच्या मानेत तोंड असं खुपसलं, की आई म्हणाली, "अगं, श्वास तरी घेऊ देशील!"

"आत काचा भिजत पडल्यात," असं काहीतरी पुटपुटत काचबाई वळल्या.

शिपाई चहा घेऊन गेला, तेव्हा त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. खाली काच ठेवायचीच राहिली होती.