अंधारात टाकलेला भात

पहाटे विहारात घरमालकीणबाईंनी हातावर तिळाच्या भाताचा गोळा ठेवला आणि मी प्रसाद समजून तो गट्ट केला. कंबोडियात मी स्वयंसेवक म्हणून शिकवायला आलो होतो. आपणही काही शिकायचं असतं, हे राहूनच गेलं होतं. बाकीचे मात्र गोळे अंधारात टाकत होते. पितरांसाठी, आपल्या पितृपंधरवड्यासारखंच.

"तो माझ्या भावाचा होता," बाई म्हणाल्या. "उपाशी मेला. कुठे पुरलं, कळलंच नाही."

ज्यांची जागा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी भात अंधारातच टाकावा लागत असेल. मी ओशाळून उभा राहिलो.

"असू दे, त्यालाही धीर नसायचा," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

बायकोला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्या बाईंच्या पिंडाला एकदाचा कावळा शिवला म्हणायचा."