फिदेन्सिओची हाक

बावीस हंगामांत फिदेन्सिओ उत्रेराने एकदाही "माहीत नाही" म्हटलं नव्हतं. उसाच्या फडांमागच्या मनोऱ्यावर उभं राहून, दक्षिणेला निघालेल्या शिकारी पक्ष्यांची ओळख पटवायची, हे त्याचं काम. लांबवर ठिपका दिसला की त्या पक्ष्याने विजेच्या तारा ओलांडायच्या आत त्याच्या नावाची हाक द्यायची. शेजारचा माणूस हातातल्या यंत्राचा खटका दाबून आकडा चढवणार. नाही ओळखता आलं, तर कागदावर 'अनोळखी' असा वेगळा रकाना होताच. इतरांच्या पाळीत त्यात दहा-पंधरा पक्षी ठरलेले. फिदेन्सिओच्या पाळीत तो कोरा. ऊस तोडून आयुष्य काढलेल्या माणसाला गावात मान होता तो या एका कोऱ्या रकान्यामुळे.

"पिसं कसली बघता? चाल बघा," तो नवख्यांना सांगायचा. "तुमची सासू वेशीवर दिसली की पळता ना? तेव्हा चेहरा दिसलेला असतो का?"

मुलगी नेरेइदा नऊ वर्षांची असल्यापासून त्याच्या हाताखाली शिकली आणि आता तीच मनोऱ्याची प्रमुख होती. पोरगी बापाची एक हाक सुखासुखी जाऊ देत नसे. "गिधाड कसलं, बाबा? गिधाड डुगडुगतं. हा बघा कसा सरळ चाललाय!" खटका दाबणारा बाल्बिनो आगीत तेल ओतायला तयारच. "फिदेन्सिओ, लेका, सकाळी सकाळी रम चढवून आलास का? घुबड म्हणाला असतास तरी चाललं असतं!" दुपारपर्यंत तिघांचे घसे बसायचे.

तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने फिदेन्सिओचे डोळे धरले. डॉक्टरची चिठ्ठी त्याने टोपीच्या अस्तरात कोंबली आणि कुणाला सांगितलं नाही. ठिपके अजून दिसत होते, पण त्यांची चाल दिसेना. मग तो घड्याळावर आणि वाऱ्यावर नावं सांगू लागला. सकाळी दहाला रुंदपंखी ससाणे, ऊन तापलं की गिधाडं, उत्तरेचा वारा सुटला की बहिरी ससाणा. कुणी हरकत घेत नव्हतं. म्हणजे आपलं बरोबरच येतंय, असं धरून तो मनातल्या मनात मिशीला पीळ देत असे. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

या ऑक्टोबरात एका दुपारी त्याने हाक दिली, "गिधाड, एक." आणि लगेच चरकला. गिधाडांच्या थव्यात मिसळून, त्यांच्यासारखेच पंख उचलून उडणारा एक काळा ससाणा असतो. खालच्या सरड्यांना वाटतं गिधाडच आहे, आणि ते लपत नाहीत. त्याला तिथे सोंगाड्या म्हणतात. तो ओळखायला फिदेन्सिओनेच नेरेइदाला भर उन्हात तीन दुपारी उभं केलं होतं. हा सोंगाड्या असता तर पोरीने बापाला सोलून काढलं असतं. तो वाट बघत राहिला.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. बाल्बिनोचा खटका वाजला. आणि पाठोपाठ तिच्या खिशातून दुसरा, दबका खटका आला. हा दुसरा आवाज तीन वर्षं त्याच्या कानावर पडत होता. मनोऱ्याची फळी वाजते, अशी त्याची समजूत होती.

जेवताना घेवडा भरलेल्या मक्याच्या पोळ्या, टॉर्टिया, त्याला गोड लागल्या नाहीत. शेवटचं नेमकं भांडण कधी झालं होतं, हे तो आठवत बसला. आठवेना.

जेवणानंतर तो कठड्याशी गेला आणि समुद्राकडे, जिथे एकही ठिपका नव्हता तिथे, बोट दाखवलं. कातरशेपटी घारी ऑगस्टातच निघून जातात. ऑक्टोबरात कुणी त्यांचं नाव घेतलं तर बाल्बिनोने ते वर्षभर गावभर सांगितलं असतं.

"कातरशेपटी घार," फिदेन्सिओने खणखणीत हाक दिली. "एक. तारांच्या वर."

मग बाल्बिनोने खटका दाबला.

"दिसली रे," तो लाडाने म्हणाला. "काय डोळे आहेत तुझे!"

"लिहिली, बाबा," नेरेइदा म्हणाली.

या वेळी तिच्या खिशातला खटका वाजला नाही; खरा आकडा चढत होता तो तिथेच.

फिदेन्सिओला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. हाकलून दिलं असतं तर परवडलं असतं. चूक दाखवली असती, तर निदान भांडता आलं असतं. तीन वर्षं आपल्या हाका वाऱ्यावर सोडल्या या दोघांनी, आणि वर लाड केले, तान्ह्या पोराचे करतात तसे. त्याने कठडा घट्ट धरला. फडांवरून एक ठिपका येत होता. तो निदान खरा होता.

"बाबा, हा कोणता?" नेरेइदाने विचारलं.

फिदेन्सिओने पापण्या ताणून बघितलं. बावीस वर्षांत तोंडातून न निघालेले शब्द त्याने सावकाश उच्चारले.

"माहीत नाही मला."

"बरोबर, बाबा," दुर्बिणीवरून डोळे न काढता नेरेइदा म्हणाली, आणि बाल्बिनोने सवयीने खटका दाबला.