कुटुंबप्रमुखाच्या आत

नवऱ्याच्या बदलीपायी पुणं सोडून बंगळुरूला आले, त्याला सात वर्षं झाली. माझी नोकरी तेव्हा सुटली ती सुटलीच. परत मिळवायला निघाले तर जिथं जावं तिथं एकच प्रश्न, नवे डेटाबेस येतात का? मला येत होते ते जुने, तक्त्यांचे. शेवटी एका कंपनीनं सांगितलं, महिन्याभरात त्यात एखादं वेब ॲप बांधून दाखवा. मग जेवणाच्या टेबलाशीच स्वतःला डांबून घेतलं. घरात सगळ्यांवर खेकसत होते.

आमच्या मराठी मंडळाची सभासदांची वही होती, तिचंच ॲप करायला घेतलं. या नव्या प्रकारात तक्ते नसतात, एका गोष्टीचं सगळं एकाच नोंदीत भरायचं. मी घरटी एक नोंद केली. वर कुटुंबप्रमुख, त्याच्या आत बायको, मुलं, फोन. वहीत तसंच होतं, वेगळं काही डोक्यातच आलं नाही. मधे मंडळातले एक काका वारले, मागे काकू एकट्या राहिल्या. सचिवांनी त्यांचं नाव काढायला सांगितलं, मी त्यांची नोंद काढली. गणपतीच्या जेवणाची आमंत्रणं ॲपमधूनच गेली.

काकू जेवणाला दिसल्या नाहीत. मोदक दरवर्षी त्यांच्या देखरेखीखाली व्हायचे. दोन दिवसांनी त्या भाजीवाल्याकडे भेटल्या. आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "बोलावलं नाहीत ते सरीच केलंत गं. हे गेल्यावर मलाही स्वल्प अवघडच वाटलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळानं टाळलं नाही, चूक माझी, असं सगळं सांगितलं.

"म्हणजे ह्यांच्याबरोबर मलाही पुसलंस होय?"

कंपनीची मुदत दोन दिवसांवर होती. आहे तसं दाखवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मला ते बघवेना. सगळं मोडून माणशी एक नोंद करायला बसले. त्यात पाच दिवस गेले. कंपनीनं वाट पाहिली नाही.

पहिली नोंद काकूंची केली. मग माझी. माझं नाव लिहिलं, फोनच्या रकान्यात आले आणि सवयीनं दहा आकडे टाकले. ते नवऱ्याच्या नंबरचे होते.