कलमकाकांनी ठरवून दिलेली गाडी

कलमकाका छापलेलं काहीही अर्धवट सोडत नसत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, लग्नपत्रिकेची मागची बाजू, शेवेच्या पाकिटावरचा मजकूर, सगळं शेवटच्या टिंबापर्यंत वाचत आणि मगच औषध घेत, लग्नाला जात किंवा शेव खात. "यात एक कलम आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य, त्यामुळे राजेंद्र नगरात त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. ते तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणे आणि ते मला वहिनी. "वहिनी, मोठ्या अक्षरात नुसता नमस्कार असतो. व्यवहार बारीक अक्षरात असतो," असं ते मला बजावत.

नोकरी त्यांनी नोंदणी कार्यालयात केली. खोटं बोलणं त्यांना वर्ज्य होतं असं नाही. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीची त्यांनी वर्षानुवर्षं स्तुती केली. पण कागदावर खोटं लिहिणं त्यांना जमत नसे. स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी मुहूर्ताच्या आधी 'सुमारे' हा शब्द छापून घेतला. "गुरुजी कधी वेळेवर आलेत का?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. विहीणबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. लग्न मात्र पाऊण तास उशिराच लागलं.

तुमचे आजोबा गेल्यानंतर आठवड्यातून दोनदा भाऊजीच मला आपल्या गाडीतून देपालपूरला नेत. तिथे माझी मोठी बहीण, आक्का, पडून जायबंदी झाली होती. मी गेले नाही तर ती जेवत नसे, आणि गेले तर माझ्याशी भांडून जेवत असे. एके दिवशी भाऊजींची जुनी गाडी हायवेवरच बंद पडली ती कायमची. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "आई, विकत कशाला घेतेस? लीजवर घे. तीन वर्षं महिन्याच्या भाड्याने वापर आणि परत कर." मला पटलं. आमच्या वयात तीन वर्षांपुढचं काही विकत घेणं जरा उद्धटपणाचंच वाटतं.

शोरूममध्ये आम्ही तीन दिवस गेलो. लीजचं काम पाहणारी शिवानी नावाची मुलगी पहिल्या दिवशी कॉफी मागवून म्हणाली, "अंकलजी, बस यहाँ मैम के साइन करवा दीजिए." भाऊजींनी कॉफी घेतली, कागद घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी ते लाल शाईने रंगवून परत नेले.

"बेटा, ये किलोमीटर की लिमिट बढ़ाओ."

"अंकलजी, ये तो सबके लिए सेम रहती है."

"सब लोग देपालपुर नहीं जाते ना!"

मग टायर कोणी बदलायचे, गाडी मध्येच परत करावी लागली तर दंड किती, दाराला साधा ओरखडा आला तर तो नुकसान धरायचा की नाही, एकेक कलम त्यांनी सोलून काढलं. आवाज एकदाही चढला नाही. दंडाचं कलम वाचताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "इनकी बहन बयासी की हैं. कल वो नहीं रहीं, तो ये देपालपुर किसके लिए जाएँगी?" मी टेबलाखालून त्यांना कोपर मारलं. शिवानी उठून मॅनेजरकडे गेली आणि दंड निम्मा करून आली. तिसऱ्या दिवशी ती हात जोडून म्हणाली, "अंकलजी, आप हमारे यहाँ ही जॉइन कर लो!"

आता सही करायची, म्हणून मी पेन उघडलं. भाऊजींनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. गाडी चालवणाऱ्याचं वय सत्तरच्या आत हवं, असं तिथे लिहिलं होतं. भाऊजी बहात्तरचे होते.

"हे तुम्ही कधी वाचलंत?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"आणि तीन दिवस भांडत बसलात?"

"बाकीची कलमं अन्यायाची होती, वहिनी. हे बरोबर आहे. मला आता डावीकडचं नीट दिसत नाही."

शिवानीने आवाज खाली आणला. "अंकलजी, ड्राइवर में मैम का नाम डाल देते हैं, चलाना आप. कौन देखता है?"

भाऊजींनी चष्मा काढला. "तीन दिन से तुमसे जो लिखवा रहा हूँ, वो भी कोई नहीं देखेगा क्या?"

मी चिडले. माझं वय सत्तरच्या आत होतं, लायसन्सही होतं, पण माझी धाव भाजी मंडईपर्यंत, तीही दुसऱ्या गिअरमध्ये. "मग आक्काकडे जायचं कसं?"

"तुम्ही चालवायची. मी बाजूला आहे."

खजराना गणपतीसमोर नारळ फोडला आणि त्याच आठवड्यात आम्ही देपालपूरला निघालो. भाऊजींनी सीटबेल्ट लावला, वर्तमानपत्र पूर्ण उघडून तोंडासमोर धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. समोरून सोयाबीनची ट्रॉली आली, मागून बसने हॉर्न वाजवला, एकदा तर म्हैस मधोमध उभी होती. पान काही खाली आलं नाही. "कांदा पुन्हा महागला," असं म्हणून ते पुढचा मजकूर वाचू लागत. माझ्या चालवण्याबद्दल त्यांनी कधी चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नाही. आक्का मात्र पहिल्या दिवशी खाटेवरून ओरडली, "ही चालवत आली? आणि तुम्ही जिवंत आहात?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "आक्का, त्या उत्तम चालवतात. मी तर बाहेर पाहतसुद्धा नाही." माझ्यावर इतका विश्वास तुमच्या आजोबांनीही कधी ठेवला नव्हता, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

तिसऱ्या वर्षी, संक्रांतीनंतर, भाऊजी गेले. आक्काकडे मी एकटी जात राहिले. आता ट्रॉल्यांची भीती वाटत नव्हती. गाडीतली शांतताच अंगावर येई.

मुदत संपल्यावर कंपनीचा माणूस गाडी तपासायला आला. दारं, काचा, टायर पाहून त्याने समाधानाने मान हलवली. मग डावीकडचं दार उघडून तो वाकला आणि तसाच थांबला.

"मैमजी, ड्राइवर साइड तो नई जैसी है. इधर की मैट कैसे घिस गई? इधर तो ब्रेक होता ही नहीं."

मी वाकून पाहिलं. टाचेच्या जागी रबराला आरपार भोक पडलं होतं. त्याच्या पुढे, उजव्या पायाचा चवडा दाबला जाईल तिथे, नक्षी पार पुसून गेली होती.

त्याने 'असाधारण झीज' या रकान्यात खूण केली आणि मी हुज्जत घालीन म्हणून वाट पाहत उभा राहिला. मी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. लिहिलेलं सगळं खरं होतं. सही केली.