पिकअपच्या हौद्यातलं सॉकेट

विजेचा शोध आधीच लागून गेला नसता, तर तो आमच्या दाजींनी राजूरला घराच्या ओट्यावर बसून लावला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. ताईला बघायला आले त्या दिवशी आमच्या बैठकीतला पंखा कुरकुरत होता. ताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा होणारा नवरा स्टुलावर चढून छताकडे तोंड करून उभा होता, आणि त्यानं तिला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, "जरा मेन स्विच बंद करता का?" तिनं केला आणि लग्न जमलं.

लोक खिशाला पेन लावतात, दाजी टेस्टर लावत. लग्नाला गेले तर मांडवात शिरण्याआधी जनरेटरची विचारपूस करून येत. कुणाच्या विहिरीवरची मोटर बंद पडली की आधी तिच्या अंगाला हाताची मागची बाजू लावून बघायचे, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात, आणि मग म्हणायचे, "हिला चार रोज आराम द्या." पोटापाण्यासाठी त्यांची एक पिकअप होती. जालन्याच्या एमआयडीसीतून बियाण्याच्या गोण्या भरायच्या आणि गावोगावच्या दुकानांत पोचवायच्या, हा धंदा. पण त्यांचं मन गोण्यांत कधी रमलं नाही.

लोडशेडिंगनं सगळ्यांना रडवलं त्या वर्षांतली ही गोष्ट. दिवसाचे आठ-आठ तास वीज नसे. एके सकाळी दाजींनी जाहीर केलं की पिकअपच्या हौद्यात सॉकेट बसवायचं. घरातल्यासारखं, तीन पिनचं, पण पावसापाण्याला न भिणारं. सीटखाली इन्व्हर्टर ठेवला, गाडीच्या बॅटरीपासून त्याला जाड वायर आणली, मध्ये फ्यूज घातला. मग हौद्याच्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडायला घेतलं, तेव्हा त्यांची आई बाहेर आली.

"लोकं गाडीला हार घालून राह्यले, अन् ह्यो भोकं पाडून राह्यला," ती मला म्हणाली. मी तिला मावशी म्हणायचो. मावशीला जुना दमा होता, पण पोराला बोलायचं म्हटलं की तिला दम कधी कमी पडायचा नाही. "गोण्यांना काय पंखा लावणार का रे?"

"माय, काम पडल्यावर कळंल," दाजी म्हणाले आणि शांतपणे भोकाच्या कडेला रबर बसवू लागले.

सॉकेटला त्यांनी स्प्रिंगचं झाकण लावलं होतं. झाकणाखाली कुकरची रिंग कापून चिकटवली, वरून पत्र्याची छोटी पडवी काढली. ताईला कुकरची रिंग संध्याकाळी वरण शिजेना तेव्हा आठवली. मग परीक्षा सुरू झाली. आधी तांब्यानं पाणी, मग बादलीनं, मग थेट नळीनं. दर खेपेला दाजी झाकण उघडून आत बोट न घालता नुसतं वाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी भर उन्हात हौद्यात टेबलफॅन लावून दाजी एकटेच त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

त्याच वर्षी परतीच्या पावसात मी ताईकडे गेलो होतो. दुपारी मावशीला दम्याचा झटका आला. तिचं वाफेचं मशीन घरात होतं, पण वीज नव्हती. गावातले डॉक्टर आले, छाती तपासली आणि म्हणाले, "जालन्याला न्या, जल्दी. अन् वाटेत वाफ चालू राहिली पाहिजे, बंद पडता कामा नये."

दाजी क्षणभरही थांबले नाहीत. केबिनच्या दाटीत मावशी जास्तच घाबरी होत होती, म्हणून हौद्यात गादी टाकली, केबिनला टेकवून तिला बसवलं, वरून ताडपत्री बांधली. मशीनची पिन सॉकेटात गेली आणि मशीन घुरघुरायला लागलं. मास्क धरून मी मागं बसलो, ताई पुढं दाजींजवळ.

अर्ध्या वाटेवर पाऊस असा कोसळला, की ताडपत्रीची एक बाजू सुटली आणि पाण्याचा लोट नेमका सॉकेटवर पडू लागला. मशीन चालूच होतं. मग एका खड्ड्यात गाडी आदळली आणि ते बंद झालं. मावशीचे डोळे मोठे झाले. मी केबिनवर धडाधड मुठी मारल्या.

दाजी धावत मागं आले. "हात लावू नको, वले हेत तुझे!" ओरडून त्यांनी शर्ट वर केला, आतल्या कोरड्या बनियनला हात पुसले, ताईनं त्यांच्यावर छत्री धरली. पिन निसटली होती, इतकंच. त्यांनी ती काढून पुन्हा दाबून बसवली, आणि मशीन सुरू झालं. पण झाकण सोडण्याआधी त्या धो धो पावसात दाजी वाकून आत बघत राहिले.

"बघ माय," ते म्हणाले, "थेंब न्हाई आत. बिलकुल कोरडं!"

मास्कच्या वरून मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की दाजी पळतच स्टिअरिंगवर गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वाफ चालू होती म्हणून बाई इथवर आली. चौथ्या दिवशी मावशी घरी परतली, ती हौद्यातच बसून, हट्टानं. वेशीपासून लोक जमले होते. प्रत्येकाला ती काठीनं सॉकेट दाखवत होती आणि म्हणत होती, "माझ्या लेकानं केलंय. मीच म्हन्ले व्हते, कर म्हनून." त्या दिवाळीपर्यंत राजूरच्या सात गाड्यांना सॉकेट बसलं, आणि आमच्या दाजींना लोक रस्त्यात थांबवून रामराम करू लागले.

त्यानंतर मावशी पाच वर्षं जगली. ती गेल्यावर पिकअपही थकली, विकली. आता मी गेलो की दाजी जेवण झाल्यावर ओट्यावर येऊन बसतात, आणि इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारतात, "त्या दिवशी मी पुढं होतो, तू मागं होतास. माय वाटेत काही बोलली का रे?"

तोंडाला मास्क लावलेलं माणूस काय बोलणार! मी तेच सांगतो, जे खरं आहे. "बोलली न्हाई, दाजी. पण सगळ्या वाटेनं तिचा हात केबिनच्या पत्र्यावर टेकलेला होता. बराबर तुमच्या पाठीमागं."

दाजी मान हलवतात. पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात.