जैनबबीची जीभ आणि परमुलखातली वडी

जळकोटात मिरची कुटावी ती जैनबबीनंच. चिमूटभर तिखट जिभेवर ठेवलं की मिरची कुणाच्या शेतातली, हे ती बिनचूक सांगायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिचा धाकटा भाऊ गफार पलटणीतून रजेवर आला. छावणीत अमेरिकी फौजेतल्या, पण मूळच्या मेक्सिको नावाच्या मुलखातल्या एका शिपायानं त्याला चॉकलेटची वडी दिली होती.

"आपा, वळख बरं, यात काय काय हाय!"

जैनबबीनं तुकडा तोंडात टाकला. आधी कडू, मग गोड, मग दालचिनी. आणि घोट उतरता उतरता घशात अशी ठिणगी पडली, की मुसळ टाकून ती खदाखदा हसत सुटली.

"या अल्ला! गोडात मिरची! तीबी भाजून, बिया काढून!"

शेजारची कमलबाई धावत आली. चाखताच तिला उचकी लागली, तरी हात पुन्हा पुढं. हसून हसून दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. मिरची कुटताना जैनबबीच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं.

गफार निघाला तेव्हा तिनं त्याच्या हाती तिखटाची पुरचुंडी दिली. मिरची मुळात त्याच मेक्सिकोकडून आपल्याकडं आली, हे तिच्या गावीही नव्हतं.

"त्या शिपायाला दे. म्हणावं, आमची मिरची तुमच्या मुलखापतूर पोचली, लई बरं वाटलं. पण बिया काढून तिची अब्रू घालवू नगा!"